बाटलीवरची अहिंसा

उळवीच्या चन्नबसवेश्वर देवस्थानात आम्ही अठ्ठावीस जणी जेवायला बसलो तेव्हाची गोष्ट. सोंद्याच्या जैन मठाला निघालेली आमच्या महिला मंडळाची बस वाटेत तिथे थांबली होती. ताटात आमटी पडायच्या आधीच आमच्या बायकांनी वाढणाऱ्याला भंडावून सोडलं. बटाटा आहे का? कांदा? लसूण? गाजर घातलंय का? बिचारा आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला. जोयडा तालुका कंदमुळांसाठी प्रसिद्ध, त्यांचा मेळाही भरतो इथे. तेव्हा विचारणं बरोबरच होतं. मीही विचारलं.

जेवणं झाली आणि पायरीवर बसून एका वहिनींनी पर्समधून काचेची छोटी बाटली काढली. "पूर्ण शाकाहारी आहे हं. अहिंसक बोटॉक्स. कपाळावरच्या आठ्या जातात." दहा मिनिटांत सात बाटल्या खपल्या. प्रश्न एकीनेही विचारला नाही.

याचा मला राग आला. तीच बाटली गेल्या दशलक्षण पर्वापासून माझ्या कपाटात आहे, म्हणून त्यातला थोडा राग माझ्यावरचाही आहे. आठशे रुपये मोजल्यावर मग मी वाचायला बसले. उलटं करायला हवं होतं.

बाटलीतल्या पदार्थाचं नाव अर्जिरेलाइन. सहा अमिनो आम्लं प्रयोगशाळेत जोडून केलेलं पेप्टाइड. त्यात हाड नाही, चरबी नाही, इथवर वहिनींचं म्हणणं खरं. स्नायू आखडावा म्हणून मज्जातंतू जे रसायन सोडतो, ते सोडण्यासाठी काही प्रथिनं एकमेकांत गुंफावी लागतात. त्यातल्या एकाच्या टोकाची ही नक्कल मध्ये घुसते आणि गुंफण ढिली करते, अशी कल्पना. काचेच्या भांड्यातल्या पेशींवर ते जमलं. पण कातडीच्या वरच्या थरातून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचे रेणू आत जातात असं मानतात, आणि हा रेणू आहे ८८९ डाल्टनच्या आसपास. मज्जातंतू तर त्याहून किती खोल!

ज्या अभ्यासाचा सगळीकडे दाखला देतात तो २००२ सालचा, स्पेनमधला. स्त्रिया दहा, दिवस तीस, आणि सुरकुत्यांची खोली 'तीस टक्क्यांपर्यंत' कमी. संशोधकांत ते पेप्टाइड विकणाऱ्या लिपोटेक कंपनीची माणसंही होती. 'पर्यंत' या शब्दाकडे नीट बघा. सेलच्या पाटीवरही तोच असतो. नंतरच्या छोट्या चाचण्यांतही थोडा फरक दिसला म्हणतात. दिसला असेल.

आणि बाटल्यांवर जे 'दहा टक्के' लिहितात ते सहसा पेप्टाइडचे नसतात. कंपनी त्याचं पातळ द्रावण करून विकते, त्याचे असतात. त्या द्रावणात पेप्टाइड साधारण ०.०५ टक्के. म्हणजे तीस मिलीच्या बाटलीत दीड मिलिग्रॅम. फोडणीतल्या मोहरीच्या एका दाण्यापेक्षाही कमी!

पैसे गेले तर गेले. मला खुपतो तो 'अहिंसक' हा शब्द.

बोटॉक्स नको, हे मला मान्य. त्याचं एक 'युनिट' म्हणजे टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे मारणारी मात्रा. पेशींवर चाचणी करायची परवानगी अमेरिकेत मिळाली २०११ साली, तोवर किती उंदीर गेले असतील! पण अर्जिरेलाइनच्या त्याच २००२ च्या निबंधाच्या सारांशात एक वाक्य आहे: जास्त मात्रेतही पोटातून दिल्यावर जिवंत शरीरात विषबाधा दिसली नाही. हे कळायला कुणाला तरी ते पाजावं लागलं असणार. ते कोणी माणूस नव्हतं. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला २०१४ साली बंदी आली, चांगलंच झालं. पण हे त्याच्या आधीचं.

आपल्याकडे पाप तीन वाटांनी येतं. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं नाही, करवलं नाही, तरी पसंती दिली तर वाटा लागतो. पाठशाळेत हे आपण घोकलेलं आहे. मग हिरवा ठिपका बघून आपली चौकशी कशी संपते? ठिपका सांगतो बाटलीत काय आहे. बाटलीआधी काय झालं ते तो सांगत नाही.

हौस मला कळते. मीसुद्धा दोन महिने लावलंच की. नवऱ्याच्या कपाळावर आठी आली की तो विचारात आहे म्हणतात, आपल्या कपाळावर आली की वय झालं म्हणतात, हे काय मला ठाऊक नाही? याच जिल्ह्यातल्या गेरसोप्प्याची चेन्नभैरादेवी, आपली जैन राणी, १५५२ पासून चोपन्न वर्षं राज्यावर होती. पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत. तिच्या आठ्या कोणी मोजल्याचं ऐकलंय का? आणि केशलोच करणाऱ्या माताजींसमोर आपण डोळे पुसत बसतो, तेव्हा त्यांच्या गालावरच्या सुरकुत्या आपल्याला दिसतात तरी का?

लावायचं तर हौस म्हणून लावा. सिनेमाला जातो, जरीची साडी घेतो, तशी. त्याला धर्माचं नाव नको.

बसमध्ये मी हे वहिनींना सांगितलं. त्या चिडल्या. "तुम्हाला कुणाचं चाललेलं बघवत नाही," म्हणाल्या. तसं नाही, वहिनी. त्यांच्या घरची ओढ मला माहीत आहे, धंदा त्यांनी जरूर करावा. फक्त 'अहिंसक' म्हणणं सोडावं. त्यानंतरही सात जणी घेणार असतील तर खुशाल घेऊ देत.