अरण्याला शिस्त, दर्याला का नाही?

पावसाळ्यातही गोव्याच्या किनाऱ्यांवर पाहुण्यांची वर्दळ असते, याचा आम्हांस विषाद नाही. चिंता वाटते ती त्यांच्या जिवाची. यांतील पुष्कळजण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या मुलखातून येतात. मध्य प्रदेशातील बालाघाट हा असाच एक जिल्हा. तेथील माणसास पाण्याची ओळख नाही असे नव्हे. वैनगंगा त्याच्या दाराशी वाहते. पुढे वर्धेला मिळून ती प्राणहिता होते आणि गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरास पोहोचते. परंतु नदी जाणणाऱ्यास समुद्र कळतोच असे नाही. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी एखाद्या अरुंद वाटेने वेगाने माघारी जाते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्यास तीच जागा शांत व निर्धोक भासते. त्या ओढीत सापडलेला मनुष्य सरळ किनाऱ्याकडे येण्यासाठी झुंजतो आणि दमतो. किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आता दुसरी बाजू पाहा. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच बालाघाट जिल्ह्यात आहे. आमचा गोमंतकीय तेथे व्याघ्रदर्शनास जातो, तेव्हा वाटाड्यावाचून त्याला आत सोडीत नाहीत, मन मानेल तेथे गाडीतून उतरू देत नाहीत. जुलै ते सप्टेंबर या काळात तर गाभाक्षेत्र पर्यटकांना बंदच असते. याबद्दल कोणी कुरकुरत नाही, कारण वाघाचे भय सर्वांस समजते. दर्याचे भय समजावून सांगावे लागते, आणि ते सांगणे हे यजमानाचे काम आहे.

आमच्या कोळी-खारवी बांधवांना ते सांगावे लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यामागे माशांच्या विणीचा विचार आहे, तसाच खवळलेल्या दर्याचाही. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावर दर्यात होड्या लोटण्याची आपली रीत जुनीच आहे. ज्याचा जन्म पाण्यावर गेला तो काठावर थांबतो आणि काल आलेला पाहुणा उधाणात उतरतो, हा प्रकार लाजिरवाणा होय. धोका केवळ पावसाळ्यातच असतो असेही नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले, हे विसरता येणार नाही.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक आहेत आणि त्यांनी अनेकांस मृत्यूच्या दाढेतून ओढून काढले आहे. तथापि, लाल निशाणाचा अर्थ ठाऊक नसलेल्यांची आणि ठाऊक असून ते न जुमानणाऱ्यांची सारी जबाबदारी त्यांच्या शिटीवर टाकणे न्याय्य नाही. पाहुण्याचे नाव नोंदवहीत लिहितानाच त्याच्या भाषेत चार वाक्यांची सूचना देणे प्रत्येक हॉटेलचालकावर बंधनकारक करावे. किनाऱ्यावरील फलक हिंदी व मराठीतही ठळक असावेत. भरती-ओहोटीच्या वेळा त्यांवर रोज लिहिल्या जाव्यात. निशाण डावलणाऱ्यास दंड व्हावा, मग तो परका असो वा घरचा.

यामुळे पाहुणे दुरावतील, अशी भीती व्यापाऱ्यांनी बाळगू नये. कान्हाचे नियम कडक आहेत म्हणून तेथील गर्दी ओसरलेली नाही. बालाघाटहून आलेले कुटुंब जितके आले तितकेच घरी परतले, तरच आपले आतिथ्य पुरे झाले असे आम्ही म्हणू.