भोंगा वाजला तर पळायचे कुठे?

१४ एप्रिल म्हटले की आपल्या वस्त्यावस्त्यांत निळे झेंडे लागतात. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळाही होता. बंब आले, पाणी मारू लागले. पण आसपासच्या गोदी कामगारांना वेळीच दूर हटवले गेले नाही. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान आणि शेकडो माणसे मेली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांची स्थिती पाहण्यासाठी चारच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९४३ मध्ये, ते स्वतः धनबादच्या कोळसा खाणीत उतरले होते.

आज ऐंशी वर्षांनंतर काय बदलले? ७ जून २०२१ रोजी पुण्याजवळ पिरंगुट परिसरातील उरवडे येथे पाणी शुद्ध करण्याची रसायने बनविणाऱ्या कारखान्याला आग लागली. १७ कामगार गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. आत अडकलेल्यांसाठी जेसीबीने भिंत फोडावी लागली. दार कोणते, दुसरी वाट कुठे, हे प्रश्न आग लागल्यावर विचारायचे नसतात. डोंबिवलीने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन भीषण स्फोट पाहिले.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की अशा वेळी सुटका कशी करायची हे शिकवणे ही मालकाची मेहेरबानी नाही, तो कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. भोपाळला १९८४ साली वायू सुटला तेव्हा तो कोणता, तोंडावर ओले फडके धरावे की नाही, वाऱ्याच्या कोणत्या बाजूला पळावे, हे लोकांना कोणी सांगितलेले नव्हते. त्या हत्याकांडानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगाराला देणे, आणीबाणीचा आराखडा करणे मालकावर बंधनकारक झाले. धोकादायक प्रक्रियेच्या प्रत्येक कारखान्यात सुरक्षा समिती आली आणि तीत कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समान. १९८९ च्या घातक रसायन नियमांनुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त रसायने ठेवणाऱ्या कारखान्याला दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम घ्यावी लागते. हे नियम आजही लागू आहेत.

मग अडते कुठे? आम्ही वकिली करताना एका अपघाताच्या प्रकरणात कारखान्याचे तालीम रजिस्टर पाहिले. सह्या व्यवस्थित होत्या. फक्त ज्याच्या नावापुढे सही होती तो माणूस त्या दिवशी गावाला, बहिणीच्या लग्नात होता! आणि ठेकेदाराच्या माणसांची तर नावेच नव्हती. जो रसायनाचे पिंप हाताने हलवतो, टाकी आतून धुतो, रात्रपाळीला शेडमध्ये एकटा असतो, तोच तालमीच्या बाहेर. हा माणूस बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. घाणीचे आणि जोखमीचे काम कोणाच्या वाट्याला द्यायचे, हे या देशात जातीने ठरवले. ठेकेदारीने ती वाटणी पुढे चालू ठेवली. वास्तविक ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कायद्याने कामगारच आहे.

त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली. विजेवर चालणाऱ्या जागेला ‘कारखाना’ म्हणायला पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. विजेविना २० ऐवजी ४०. औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी छोट्या शेड या व्याख्येतून निसटतील. सुरक्षा समितीही आता शासनाने आदेश काढला तरच. तरीही माहिती मिळवण्याचा आणि धोका दिसताच तो मालकाच्या लक्षात आणून देण्याचा हक्क शाबूत आहे. तो वापरला नाही तर तोही कागदावरच राहील.

म्हणून बांधवांनो, भगिनींनो, कामावर जाताच चार गोष्टी विचारा: बाहेर पडायच्या दोन वाटा कोणत्या, बाहेर आल्यावर जमायचे कुठे, पिंपात काय आहे, मागची तालीम कधी झाली. तोंडी उत्तर मिळाले नाही तर युनियनमार्फत लेखी मागा. एकट्याने मागाल तर उद्या गेटवर अडवतील, दहा जणांनी मागा. तालीम न करता सही करू नका. कारखान्याच्या तालमीचा अहवाल औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात मागता येतो; हे काम विहारातल्या शिकलेल्या तरुणांनी अंगावर घ्यावे.

मेल्यानंतर मिळणाऱ्या भरपाईसाठी आम्ही कोर्टात उभे राहतोच. पण त्या मायमाऊलीला धनादेश नको असतो, संध्याकाळी घरी परतलेला मुलगा हवा असतो. येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीआधी एक तास यासाठी काढा. जयभीम!