जबलपूर खटला : कोठडीच्या दारापाशी थांबलेला न्याय

जबलपूर : आणीबाणीतील ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या खटल्याच्या निकालाला 28 एप्रिल 2026 रोजी 50 वर्षे पूर्ण होत आहेत. व्यक्तिस्वातंत्र्यावरील आघात म्हणून तो सदैव आठवला जातो. कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या अंगाने मात्र त्याची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः त्याचे सर्वांत विदारक परिणाम तेथेच दिसले.

‘मिसा’खाली आणीबाणीत सुमारे 35 हजार जणांना स्थानबद्ध करण्यात आले. स्थानबद्धतेची कारणे गोपनीय ठरविण्यात आली होती. तरीही जबलपूर येथील उच्च न्यायालयाने, तसेच मुंबईसह अन्य उच्च न्यायालयांनी देहोपस्थितीच्या (हेबियस कॉर्पस) याचिका ऐकता येतील, असे ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते निर्णय फिरविले. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तर काय, या न्या. एच. आर. खन्ना यांच्या प्रश्नावर, आणीबाणी असेतो दाद मागता येणार नाही, असेच उत्तर महान्यायवादी निरेन डे यांना द्यावे लागले होते.

बहुमतातील न्या. एम. एच. बेग यांनी मात्र स्थानबद्धांची सरकार जवळजवळ मातेच्या मायेने काळजी घेते, असा निर्वाळा दिला. कैद्याची कैफियत ऐकण्याचा मार्ग बंद करणाऱ्या निकालातच ही ग्वाही यावी, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. केरळमधील अभियांत्रिकीचा विद्यार्थी पी. राजन याला 1 मार्च 1976 रोजी पोलिसांनी उचलले आणि कक्कयम येथील छावणीतील छळात त्याचा अंत झाला. निकाल वाचला जात असताना त्याच्या मृत्यूला सुमारे दोन महिने लोटले होते. त्याच्या पित्याला न्यायालयाचे दार उघडे झाले ते 1977 मध्ये, आणीबाणी उठल्यावर. पोलीस कोठडीतील मृत्यूची कबुली त्या याचिकेमुळेच मिळाली आणि मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पायउतार व्हावे लागले. मृतदेह अखेरपर्यंत सापडला नाही.

येथे निकालातील खरी त्रुटी उघड होते. ‘का धरले’ हे विचारण्याचा अधिकार गेला की ‘कसे ठेवले’ हे विचारण्याची वाटही बुजते. कैदी जिवंत आहे की नाही, एवढेही न्यायालयाला समजत नाही.

असहमती नोंदविणारे न्या. खन्ना ज्येष्ठतेने सरन्यायाधीशपदास पात्र असताना जानेवारी 1977 मध्ये ते पद न्या. बेग यांना देण्यात आले. खन्ना यांनी राजीनामा दिला. पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 20 व 21 आणीबाणीतही अबाधित राहतील अशी तरतूद झाली. 24 ऑगस्ट 2017 रोजी गोपनीयतेच्या खटल्यात जबलपूरचा निकाल स्पष्टपणे रद्दबातल ठरला. ते मत लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे 1976 च्या बहुमतातील न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र.

आज याचिकेचा मार्ग खुला आहे. पण 2022 अखेरच्या अधिकृत आकडेवारीनुसार देशातील 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 जण कच्चे कैदी होते. ज्यांच्याकडे वकील नाही, त्यांच्या कोठडीपर्यंत हा मार्ग कितपत पोहोचतो, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.