रकानाच नाही

पवना नदीच्या पाण्याच्या सरकारी तपासणीचा तक्ता काढून पाहावा. डावीकडे ठिकाणे : कासारवाडी, दापोडी, चिंचवडगाव. वरच्या ओळीत सामू, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी, नायट्रेट, फिकल कोलिफॉर्म. इंद्रायणीचा तक्ताही याच साच्यातला. प्रतिजैविकांचा आकडा त्यात कमी आहे की जास्त, हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यांचा रकानाच नाही.

हे पवनाकाठच्या पिंपरीत घडावे, याचे नवल वाटायला हवे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली इथेच स्थापन झाला. सरकारी पेनिसिलिन १९५५ पासून इथेच तयार होऊ लागले. एचए कॉलनी आजही लोकांच्या पत्त्यात आहे. कुपीत औषध किती आहे, हे काटेकोर मोजणारी माणसे या गावात दोन-तीन पिढ्या नांदली. नदीत ते किती आहे, हे मात्र नेहमीच्या सरकारी तपासणीत कोणी विचारत नाही.

चाकण-भोसरीत औषधांपेक्षा गाड्यांचे सुटे भाग अधिक बनतात, तेव्हा ही अडचण हैदराबादची, आपली नव्हे, असे म्हणण्याची सोय आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरूत सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचे २००७ मध्ये जगापुढे आले. तसे कारखाने इथे दाटीवाटीने नाहीत, हे खरे. पण माणसे आहेत. अमॉक्सिसिलिनच्या गोळीचा निम्म्याहून अधिक भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. तो गटारात जातो, गटार नदीत. त्यातच प्लेटिंगच्या सांडपाण्यातले निकेल, जस्त, तांबे मिसळले, तर प्रतिकारक्षम जिवाणूंना आणखी एक आधार मिळतो. धातूंना दाद न देणारी आणि औषधांना दाद न देणारी जनुके अनेकदा जोडीने प्रवास करतात. म्हणजे मोटारींचा पट्टा असल्याने आपण सुटलो, असे समजण्यात अर्थ नाही.

शेजारच्या मुठेचे काय झाले, हे २०१७ साली एका शोधनिबंधाने दाखवलेच आहे. पुणे शहराच्या वरच्या अंगाला नदीच्या गाळात प्रतिकारक्षमतेची जी जनुके सापडली, त्यांचे प्रमाण शहरातल्या गाळात तीसपटीपर्यंत वाढलेले होते. कार्बापेनेम या शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांनाही न जुमानणारी जनुके त्यात होती. कारण म्हणून बोट होते ते प्रक्रिया न केलेल्या शहरी सांडपाण्याकडे. पवनेचे पाणी दापोडीजवळ मुळेला आणि पुढे संगमावर मुठेला मिळते. खाली उजनी धरण आहे.

आता उपायाकडे येऊ. नॅनोपदार्थांवर सध्या फार भिस्त ठेवली जाते. टायटेनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांवर अतिनील किरण पडले की पाण्यात हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात आणि ती औषधाचा रेणू तोडतात. ग्राफीन ऑक्साइड तो रेणू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवते. लोहाच्या ऑक्साइडचे कण जोडीला असतील, तर सारा माल चुंबकाने ओढून बाहेर काढता येतो. शास्त्र पक्के आहे, त्याबद्दल शंका नाही. शंका आहे ती निबंधांच्या सारांशातल्या टक्केवारीबद्दल. '९५ टक्के प्रतिजैविक नाहीसे.' वाचायला छान वाटते.

या ९५ टक्क्यांकडे जरा थांबून पाहावे. असे प्रयोग बहुधा शुद्ध केलेल्या पाण्यात होतात. त्यात एकच औषध, तेही लिटरमागे दहा-वीस मिलिग्रॅम, मुद्दाम घातलेले. सांडपाण्यातला सेंद्रिय मळ आणि बायकार्बोनेट तिथे नसतात. प्रत्यक्षात हेच दोघे निम्मी मूलके आधी खाऊन टाकू शकतात. पण ते सोडून देऊ. दहा मिलिग्रॅममधून ९५ टक्के गेले, तर उरले ५०० मायक्रोग्रॅम. नदीत सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ०.०६ मायक्रोग्रॅमच्या खाली राहावे, अशी मर्यादा औषध कंपन्यांच्याच जागतिक आघाडीने सुचवली आहे. उरलेला माल त्या मर्यादेच्या आठ हजार पट. नदीत मिसळून तो पातळ होईल, हे मान्य. पण उन्हाळ्यातल्या पवनेत तो आठ हजार पट पातळ होईल, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

मर्यादा नियमाने ठरलेली नसली की टक्केवारी अशी मोकाट सुटते. पुरेसे किती, हे कोणत्याही नियमात सांगितलेलेच नाही. मग ९५ही यश आणि ७०ही यश. संशोधकाचा निबंध छापून येतो, आणि कारखान्याच्या किंवा पालिकेच्या प्रक्रिया केंद्रावरचा अभियंता तो वाचत नाही. त्याने का वाचावा? प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात सेंद्रिय मळाची मापे आहेत : बीओडी आहे, सीओडी आहे. ते आकडे बसले की त्याचे काम झाले. ज्या गोष्टीबद्दल त्याला कोणी विचारणार नाही, ती काढण्याची यंत्रणा तो कोणत्या शीर्षाखाली विकत घेणार?

मोजायला यंत्रे नाहीत, ही सबब पुणे जिल्ह्यात तरी चालणार नाही. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांतल्या कीटकनाशकांच्या अंशांवर नजर ठेवणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा तिथेच आहे. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते, म्हणून आपण तिथपर्यंत मोजतो. पाण्यातले प्रतिजैविक मोजायलाही त्याच जातीचे यंत्र लागते. नमुना तयार करण्याची पद्धत वेगळी, खर्च आहे, पण अशक्य काही नाही. द्राक्षाला गिऱ्हाईक होते, म्हणून रकाना तयार झाला. पवनेचे पाणी कोणी युरोपात पाठवत नाही.

आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की छायाचित्रे छापून येतात, नोटिसा निघतात, वारकऱ्यांचा संताप कानावर येतो. तो संताप रास्तच आहे. पण फेस दिसतो, म्हणून तो प्रश्न ठरतो. प्रतिजैविकाला ना रंग, ना वास. ते दिसेल तर फक्त तक्त्यात, आणि तक्त्यात त्याला जागा नाही.

जागा मिळण्याची वेळ एकदा आली होती. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने औषध उद्योगाच्या सांडपाण्यासाठी मसुदा काढला. १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा त्यात एकेक करून दिल्या होत्या. जगात असे पाऊल क्वचितच कुणी उचलले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली, तेव्हा तो तक्ता गायब होता. १२१ पैकी एकही उरले नाही. मधल्या काळात विज्ञानात असे काय उलटे घडले, याचा शोध घेऊनही उत्तर हाती लागत नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शिका काढली. ती बंधनकारक नाही.

नॅनोपदार्थांवरचे संशोधन चालू राहावेच. पण आज पवनाकाठी त्याहून निकडीची गोष्ट साधी आहे. नेहमीच्या वापरातली चार-पाच प्रतिजैविके निवडावीत, रावेतपासून दापोडीपर्यंत आणि आळंदीला ती मोजावीत, आकडे बाकीच्या आकड्यांशेजारी छापावेत आणि मग मर्यादा ठरवावी. त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहायचे कारण नाही. सांडपाण्याची मानके ठरवण्याचा अधिकार १९७४ च्या जल कायद्याच्या कलम १७ ने राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधीच दिलेला आहे. तो महाराष्ट्राच्या मंडळाने वापरावा.