पावती मागणे हा अविश्वास नव्हे

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले, न्या. लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. २०२५ मध्ये छिंदवाड्यात तेच विष खोकल्याच्या औषधातून बालकांच्या पोटात गेले. कारखान्यातील असा दोष दुकानदाराच्या नजरेस पडत नाही, हे मान्य. तथापि पावतीवर बॅच क्रमांक असल्यास सदोष साठ्याचा माग लागतो.

बेल्ह्यासारख्या बाजाराच्या गावी अनेकजण दोनच गोळ्या कापून घेतात (खिसाही तेवढाच असतो!). कापलेल्या तुकड्यावर मुदतीची तारीख बहुधा नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, असे १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. भिंतीवरील प्रमाणपत्र औषध देत नाही. तारीख त्यालाच विचारावी आणि पावतीवर लिहून घ्यावी.