विक्रीची विद्या कोणासाठी?

विक्री हा व्यापाऱ्याचा हुन्नर. श्रमिकांच्या चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, अशी समजूत पुरोगामी वर्तुळात रूढ आहे. महाविद्यालयांच्या वाणिज्य शाखेत विक्रयकला शिकविली जाते, तिच्याकडेही माल गळ्यात मारण्याची तालीम म्हणूनच पाहिले जाते. ही समजूत अर्धीच खरी आहे. आणि तिची किंमत कोकणातील आंबा बागायतदाराने पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे.

जामसंड्याच्या परिसरातील बागायतदाराला कातळावर कलम जगविण्याची विद्या पूर्ण अवगत आहे. परंतु पेटी मुंबईच्या वाटेला लागली की त्याचे ज्ञान संपते. हंगामापूर्वी दलालाकडून उचल घ्यायची, पेट्या त्याच्याच गाळ्यावर पाठवायच्या आणि आडत, हमाली, वाहतूक वजा जाता येईल ती पट्टी मुकाट्याने मान्य करायची, असा हा व्यवहार. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची फळबाजारातील पद्धत तर प्रसिद्धच आहे. ज्याचा माल, त्यालाच भाव अदृश्य! २०१६ साली राज्य सरकारने बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळविक्री नियमनमुक्त केली. कायद्याने दार उघडले खरे. पण ज्याचा पाय उचलीत अडकला आहे, तो त्या दारातून बाहेर कसा पडणार?

विक्रयकलेचे मूळ धडे पाहिले, तर त्यांत शोषण असे काही नाही. गिऱ्हाईकाचे आधी ऐकून घ्यावे, आपल्या मालाचे गुणदोष जाणावेत, नकाराने खचू नये, एका सौद्यापेक्षा विश्वास मोठा मानावा. प्रश्न विद्येचा नसून ती कोणाच्या चाकरीत जाते याचा आहे. कोकणातला तरुण हे धडे गिरवून मुंबईत परक्याचा माल विकतो, आणि गावी त्याचा बाप पट्टीची वाट पाहत बसतो.

विश्वासाचा धडा तर अर्थशास्त्रानेही मान्य केला आहे. मालाची प्रत विकणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर हिणकस माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. कर्नाटकचा आंबा ‘देवगड हापूस’ म्हणून विकला जातो, तेव्हा नेमके हेच घडते. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पण कागदावरचे मानांकन पेटीतली फसवणूक थांबवीत नाही. म्हणूनच जामसंडे येथील आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र सांकेतिक क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याची योजना आणली. एकट्या बागायतदाराला हे साधले नसते. गोड बोलणे एकट्यालाही जमते; खरेपणाची हमी मात्र संघटितपणेच देता येते.

अर्थात सहकार म्हणजे आपोआप न्याय नव्हे. फळावरचा क्रमांक त्याचा उगम सांगतो. ते फळ राखणाऱ्या नेपाळी गड्याची मजुरी सांगत नाही. हंगामापूर्वी स्वस्त कर्ज मिळाले नाही, तर लहान बागायतदार पुन्हा दलालाच्याच दारी जाईल. तेव्हा उचलीला पर्याय, उघडा लिलाव आणि मजुराचा वाटा या तिन्ही मागण्या एकत्रच लढवाव्या लागतील.

पिकविणाऱ्याने विकायला शिकणे म्हणजे व्यापारी होणे नव्हे. आपल्या श्रमाचा हिशेब स्वतःच्या हाती घेणे होय. कार्यकर्त्यांनी ही विद्या तुच्छ न मानता बागेपर्यंत नेली पाहिजे.