मोटारीची धाव बदलताना

बैलबंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची असली, की आपली जुनी माणसे लोहाराच्या भट्टीजवळ स्वतः बसून राहत. धाव तापवून चढवायची आणि लगेच पाणी मारून आवळायची. ती सैल राहिली तर चाक खिळखिळे होई, फार आवळली तर आरे तडकत. हे ज्ञान घराघरात होते. आता बंडीच्या जागी अंगणात छोटी मोटार उभी आहे. तिची धाव रबराची आहे. ती निवडताना मात्र आपण दुकानदार देईल ती घेऊन मोकळे होतो. म्हणून या वेळच्या गप्पा टायरच्या.

अनेक घरांत प्रश्न असा पडतो. मुलाने हौसेने स्विफ्टसारखी चपळ छोटी मोटार घेतली. तीन-चार वर्षांत टायर गुळगुळीत झाले. मुलगा म्हणतो, रुंद आणि रुबाबदार टायर घालू. वडील म्हणतात, जास्त दिवस टिकतील असे घाला. घरच्या बाई म्हणतात, लेकरे या गाडीत बसतात, आधी ते पाहा. वाचकहो, तिघांचेही म्हणणे खोटे नाही. पण तिघांचे ऐकून निवड कशी करायची, हे समजून घेतले पाहिजे.

आपला मुलूख आणि आपले रस्ते

नागपूरचा उन्हाळा काय असतो, ते तुम्हांला सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. अशा दिवसांत डांबरी आणि सिमेंटचा रस्ता हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. त्यात भर पडली ती समृद्धी महामार्गाची. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईकडे पूर्ण झाला. या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे.

आता थोडा हिशेब करा. स्विफ्टच्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर. ताशी १२० म्हणजे मिनिटाला दोन किलोमीटर. म्हणजे चाक मिनिटाला सुमारे हजार फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जमिनीपाशी दबते आणि पुन्हा फुगते. तार वाकवून सरळ केली की जशी गरम होते, तसेच रबरही तापते. गावातल्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने वर्षभर निभावलेला म्हातारा टायर या रस्त्यावर तासाभरात दगा देऊ शकतो. आणि लक्षात ठेवा, प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम हाताच्या पंजाएवढा असतो. अशा चार पंजांवर सारे कुटुंब बसलेले असते.

टिकाऊ की पकडीचा?

रबराचा एक स्वभाव आहे. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. कडक रबर पुष्कळ चालते, पण पावसात ओल्या रस्त्यावर त्याची पकड सहसा कमी पडते. चपळ मोटारीसाठी खास बनवलेले टायर बहुधा मऊ बाजूचे असतात. वळणावर ते झकास वाटतात, पण किलोमीटर कमी देतात. दुसरीकडे प्रत्येक कंपनीचा एखादा प्रकार टिकाऊपणासाठी म्हणून विकला जातो. सिएटचा मायलेज, अपोलोचा अमेझर, गुडइयरचा ड्युराप्लस, ब्रिजस्टोनचा स्टर्डो ही त्यातली काही नावे. नावे आणि प्रकार बदलत राहतात, तेव्हा नाव पाठ करण्यापेक्षा दुकानदाराला सरळ विचारावे, "यातला जास्त चालणारा कोणता, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो?" दुसरा प्रश्न विसरू नये. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो.

काही टायरांवर इंग्रजीत 'ट्रेडवेअर' असे लिहून पुढे आकडा असतो. ही अमेरिकेतली पद्धत आहे. आकडा जितका मोठा, तितका टायर हळू झिजतो. ४०० आकड्याचा टायर २०० वाल्याच्या दुप्पट टिकावा, असा त्याचा अर्थ. पण ही परीक्षा कंपनी स्वतःच घेते. म्हणून एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला आकडा उपयोगी, दोन कंपन्यांत तुलना करायला तितकासा नाही.

पैशांचा खरा हिशेब

टिकाऊ टायर महाग असतो. तो परवडतो का, हे किमतीवर नाही, किलोमीटरवर ठरवावे. समजा, एक टायर ४,५०० रुपयांचा आणि ३०,००० किलोमीटर चालणारा आहे. दुसरा ६,००० रुपयांचा, पण ५०,००० किलोमीटर चालणारा आहे. पहिल्याला किलोमीटरमागे १५ पैसे पडतात, दुसऱ्याला १२ पैसे. म्हणजे महागडा टायर स्वस्त झाला.

पण थांबा, हिशेब इथे संपत नाही. काटोलकडचे एखादे कुटुंब आठवड्यातून दोनदा संत्र्याच्या कामाला किंवा दवाखान्याला नागपूरला जात असेल, तर येऊन-जाऊन वर्षाला १५,००० किलोमीटर सहज होतात. त्यांचा टिकाऊ टायर सव्वातीन वर्षांत पुरा वसूल होईल आणि चार चाकांवर वर्षाला १,८०० रुपये वाचतील. मात्र ज्यांची मोटार लग्नकार्य, बाजार आणि देवदर्शन एवढीच फिरते, त्यांचे वर्षाला ६,००० किलोमीटर होतात. त्यांना ५०,००० गाठायला आठ वर्षांहून जास्त लागतील. तोवर उन्हाने रबर वाळून त्याला भेगा पडलेल्या असतील. सहा वर्षांत टायर बदलावा लागला, तर तो ३६,००० किलोमीटरच चालला आणि किलोमीटरमागे सुमारे १७ पैसे पडले. अशा घराने मधल्या किमतीचा, चांगल्या पकडीचा टायर घ्यावा आणि वेळेवर बदलावा. टिकाऊ टायर ज्याची गाडी पळते त्याला, उभी राहते त्याला नाही.

टायरवर काय लिहिले आहे?

नवा टायर घेण्याआधी त्याची बाजू वाचावी. घरातले शाळेत जाणारे मूलही हे करू शकते. स्विफ्टच्या साध्या प्रकारांना १६५/८० आर १४ मापाचा टायर असतो. १६५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १४ म्हणजे आतल्या रिमचे इंच. त्यापुढे ८५ टी असेल, तर ८५ हा वजनाचा आकडा आहे. तो टायर ५१५ किलो वजन पेलतो. ८२ आकड्याचा टायर ४७५ किलोच पेलतो. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. मूळ टायरवर असलेल्या आकड्यापेक्षा आणि अक्षरापेक्षा कमी प्रतीचा टायर कधीही घालू नये. युरियाची ४५ किलोची चार पोती मागे टाकली, म्हणजे तीन मोठी माणसे बसवल्यासारखे आहे, हेही ध्यानात असू द्या.

याच बाजूवर चार आकड्यांची जन्मतारीख असते. २३२५ असेल, तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण जशी पाहतो, तशी ही पाहावी. दुकानात पडून दोन-तीन वर्षे झालेला टायर स्वस्त दिला, तरी घेऊ नये. आयएसआय चिन्हही पाहावे. मोटारीच्या टायरवर ते असणे बंधनकारक आहे.

रुंद टायरचा मोह

आता मुलाच्या हौसेविषयी. स्विफ्टच्या वरच्या प्रकारांना १८५/६५ आर १५ मापाचा टायर येतो. साध्या टायरची बाजू १३२ मिलिमीटर उंच, याची १२०. कोणी १६ इंची रिम बसवून १९५/५५ चा टायर घातला, तर बाजू उरते १०७ मिलिमीटर. चाकाची बाहेरची उंची तिन्हींची जवळपास सारखी, सुमारे ६२ सेंटिमीटर. म्हणजे रुंद टायर घालताना रबर आणि हवा कमी होते आणि धातू वाढतो. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर ते शोभते. आपल्या पांदणीत एखादा दगड लागला, की बारीक बाजू रिमवर चेपते, आतले धागे तुटतात आणि फुगवटा येतो. फुगवटा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तेव्हा कंपनीने दिलेलेच माप ठेवावे, आणि मोटार ज्या प्रकारची आहे त्याच प्रकारचे.

बसवताना

चारही टायर एकदम बदलणे जमत नसेल, तर दोन बदला. पण नवे दोन मागे बसवा. पुष्कळांना हे उलटे वाटते. कारण असे की, ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली, तर स्टिअरिंगवर ते कळते आणि पाय उचलला की गाडी सावरते. मागची घसरली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि भल्याभल्यांच्या हातून निसटते.

व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे. चाक जरा तिरपे राहिले, तर ५०,००० चा टायर निम्म्यातच एका कडेने खाल्ला जातो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असला, तर तो बरोबर आहे ना, ते पाहावे. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा, म्हणजे हमीचा प्रश्न आला तर भांडावे लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. बिलात तो किती लावला, हेही पाहावे.

सांभाळ

टायरचे आयुष्य निम्मे दुकानात ठरते आणि निम्मे आपल्या अंगणात. आपल्याकडे एक समज आहे, की उन्हाळ्यात हवा कमी भरावी, नाहीतर टायर फुटतो. हा समज घातक आहे. हवा कमी असली, की बाजू जास्त दबते, जास्त तापते आणि त्यानेच टायर फुटतो. चालकाच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवर हवेचा आकडा असतो. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल, तर लांबच्या प्रवासाला तो धरावा. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावी. तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसणारच. तो पाहून हवा सोडू नये. नायट्रोजन भरला तर बिघडत नाही, पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नेमाने तपासणे जास्त मोलाचे. तपासताना स्टेपनी विसरू नका.

पऱ्हाटी किंवा तुरी उपटलेल्या शेतात मोटार घालू नका. उभे खुंट बाजूला लागले, तर ट्यूबलेस टायर जागीच संपतो. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढची चाके मागे आणि मागची पुढे करावीत. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मोटारीत पुढचे टायर आधी झिजतात. आणि गाडी सावलीत उभी करावी. निंबाखालची जागा पाहुण्यांच्या गाडीला देता, तशी आपल्याही गाडीला द्या.

निरोप कधी द्यावा?

टायरच्या खाचांत आडव्या उंच पट्ट्या असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. नवा असताना ती सात-आठ मिलिमीटर असते. यापुढे चालवणे कायद्यानेही चूक आहे. पावसाळ्यात तर पट्टी येण्याची वाट पाहू नये. पाच वर्षांनंतर टायर दरसाल जाणकाराकडून तपासून घ्यावा. दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला, तरी काढावा. आपल्या उन्हात तर सहाव्या वर्षानंतरच मन घट्ट करावे. कोणाचे उतरवलेले जुने टायर स्वस्तात घेऊन समृद्धीवर जाऊ नये. आतून ते किती भाजले आहेत, हे बाहेरून दिसत नाही. काढलेले टायर होळीत जाळू नका, तो धूर विषारी असतो. बसवणाऱ्याकडेच ते परत द्यावेत.

खरिपाच्या तोंडावर चार टायरांचा खर्च जड जातो, हे खरे. म्हणून तो बियाणे-खताच्या यादीतच आधीपासून धरावा आणि उन्हाळ्यातला लांबचा प्रवास ठरवण्यापूर्वी करावा. येत्या रविवारी सकाळी एवढे करा. घरातल्या सगळ्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारा, चारही टायरांची तारीख आणि खाच पाहा आणि पाचव्या स्टेपनीचीही. कागदावर लिहून तो कागद पंचांगाशेजारी लावून ठेवा. कोणता टायर कधी बदलायचा, ते मग दुकानदाराला विचारावे लागणार नाही.